कोंडा

सकाळी पापण्या उघडत नाहीत.
पाण्याचं बोट फिरवून सोडवते त्यांना,
गोणीची शिवण उसवावी तशी.
एक टाका सापडला की बाकीचे सुटत जातात.

उदगीरच्या डाळ मिलमध्ये बावीस वर्षं
तुरीतले खडे वेचते मी.
पट्ट्यावरून डाळ पळते,
तिच्यापुढं माझी नजर.
कोंडा सगळीकडं. केसांत, पदरात,
डब्यातल्या भाकरीच्या पापुद्र्याखाली.
म्हणून पापणीच्या मुळाशी पांढरं काही दिसलं
तेव्हा वाटलं, मिलचंच असंल,
आता घरापर्यंत यायला लागलं.

मुकादम म्हणाला, डोळे आलेत तुझे, घरी बस.
नजमाबीनं माझा गिलास वेगळा ठेवला.
शेजारीण दारातूनच, रडलीस का गं शिवकांता?
नणंदेनं रांजणवाडी ठरवली
अन् लवंग उगाळून लावली.
त्या रात्री मात्र खरंच रडले.

नळगीरकर मॅडमनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली,
उजेडाची उभी चीर डोळ्यात सोडली
आणि म्हणाल्या, आले नाहीत, जागेवरच आहेत.
काठ सुजलाय. पापणीचा काठ.
तिथं तेलाचे घाणे असतात, सुईच्या टोकाएवढे,
एका रांगेत, वर तीसेक, खाली थोडे कमी.
तुमचे तुंबलेत.

मग पाणी का वाहतं सारखं?
वर तेलाचा पदर नाही, म्हणाल्या,
टिकत नाही पाणी. वाहून जातं,
डोळा कोरडाच.

हे मला लगेच कळलं.
आमच्या भागात पाणी न टिकणं
कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आणि तो कोंडा?
मिलचा नव्हता. माझाच,
माझ्याच कातडीचा.
बावीस वर्षं मी भलत्यालाच झटकत होते.

आता रात्री, भांडी झाली की
सुती धडपं गरम पाण्यात पिळायचं,
मनगटावर लावून बघायचं, मिटल्या डोळ्यांवर ठेवायचं.
गार झालं की पुन्हा.
पौषात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो ना,
तेवढंच हे.
मग बोट, वरची पापणी खाली, खालची वर,
दुधावरची साय सारावी इतकं हलकं.
मग बाळाच्या शाम्पूचे दोन थेंब कोमट पाण्यात,
कापसाच्या बोळ्यानं केसांच्या मुळाशी.
पंधरा दिवस मलम.
काजळ बंद.

मेडिकलवाल्यानं बाटली देताना विचारलं,
नातू झाला का मावशी?
जुळे, म्हटलं.
रात्रभर एकमेकांना चिकटून झोपतात,
सकाळी उठायला तयार नाहीत.
त्यानं पेढे मागितले.

काजळाचं मात्र वाईट वाटलं.
एरंडेलाच्या दिव्यावर उलटी वाटी धरून
मी स्वतः धरलेलं होतं ते.
डबी धुऊन पुसली.
कशाला वापरावी, अजून ठरलं नाही.

किती दिवस करायचं, विचारलं होतं मी.
मॅडम जरा थांबल्या.
हे जात नाही, म्हणाल्या. सांभाळावं लागतं.
सोडलं की परत.
त्यांना वाटलं, मी खट्टू होईन.
मला हसू आलं.
काल झाडलं म्हणून आज अंगण
झाडलेलं राहिलंय का कधी?

खरं सांगू, ती पाच मिनिटं मला आवडायला लागलीत.
डोळ्यांवर ओलं धडपं असलेल्या बाईला
कुणी काही मागत नाही.
पट्टा थांबलेला. वेचायला काही नाही.
अंधार कोमट.

परवा धडपं गार झालं
तरी मी तशीच पडून होते.
कुणीतरी ते उचललं,
पाण्याचा, पिळण्याचा आवाज आला,
आणि दुसरं ठेवलं. जरा वाकडं,
एक कड नाकावर.
ह्यांचा हात, तंबाखूचा वास.
नीट करून घेतलं नाही मी.
तसंच राहू दिलं.